गरीब, होतकरू आणि आठ पायऱ्या

‘गरीब व होतकरू’ हे दोन शब्द मराठीत पहिल्यांदा कुणी एकत्र बांधले कोण जाणे. ‘श्रीमंत व होतकरू’ असं मी चौतीस वर्षांच्या नोकरीत एकदाही ऐकलं नाही. श्रीमंताचं पोर कसंही असलं तरी त्याला वह्या मिळतात. गरिबाच्या पोराला मात्र आधी होतकरू असल्याचा दाखला द्यावा लागतो आणि मग वह्या घ्यायला स्टेजवर यावं लागतं.

जून आला की आमच्या पन्हाळ्यावर धुकं उतरतं आणि खाली गावोगावी वह्यावाटपाचे फलक चढतात. वरच्या रांगेत नेते, मधल्या रांगेत दाते, खालच्या रांगेत मंडळाचे कार्यकर्ते. या वर्षी अशाच एका मंडळाची मुलं मला प्रमुख पाहुणी म्हणून बोलवायला आली. मुलं चांगली आहेत, त्यातली दोघं माझ्याच हाताखालून गेलेली. मी म्हटलं, येते, पण माइकवर कुणा मुलाचं नाव घ्यायचं नाही, घरची परिस्थिती सांगायची नाही आणि फोटो काढायचा नाही. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मग एकजण म्हणाला, “बाई, फोटोच नाही तर पुढच्या वर्षी दाते देतील कशाला?” आणि दुसरा, जो जास्त वाचतो, तो म्हणाला, “बाई, दया मुळात मनात असावी लागते. ती काय नियम करून येते?”

मी गेले नाही. पण ही दोन वाक्यं डोक्यातून जाईनात, म्हणून हा लेख.

दुसऱ्याचं आधी घेते, कारण ते मला जास्त घातक वाटतं. दया मनात असावी लागते, ती शिकवून येत नाही, हे आपण इतक्या सहज म्हणतो की ते सुभाषित वाटावं. पाढे शिकवावे लागतात, पोहणं शिकवावं लागतं, भाकरी थापायला शिकवावी लागते, आणि दुसऱ्याशी माणसासारखं कसं वागायचं हे मात्र रक्तातून येणार! आमच्या शाळांत परिपाठाला मूल्यशिक्षण आलं तेव्हा दहा मूल्यांची यादी भिंतीवर लागली. संवेदनशीलता हे त्यातलंच एक. मुलं ती यादी घडाघडा म्हणत. यादी पाठ होणं आणि अभ्यास होणं यातला फरक मास्तर लोकांनाच कळत नसेल तर इतरांना काय दोष द्यायचा?

दयेचा अभ्यास करायचा असतो, त्याला नियम असतात, पायऱ्या असतात, रोजचा सराव असतो, हे मला पहिल्यांदा कळलं ते अलिबागला. लग्नानंतर यजमानांची बदली एस.टी.च्या अलिबाग डेपोला झाली आणि १९७३ पासून सहा वर्षं मी तिकडच्या शाळेत होते. बिऱ्हाड इस्राएल आळीत. शेजारी एक बेने इस्राएल आजी. नऊवारी लुगडं, हातात बांगड्या, बोलणं आपल्या कुलाबा जिल्ह्याचं. मला तर पहिले दोन महिने त्या ज्यू आहेत हेच कळलं नाही.

वाचकांपैकी बऱ्याच जणांना हे लोक माहीत नसतील म्हणून थोडं सांगते. फार पूर्वी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला गलबत फुटून सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, त्यांचे आपण वंशज, असं बेने इस्राएल मानतात. कोकणात त्यांनी तेलाचे घाणे चालवले. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणू लागले. आडनावं रोहेकर, पेणकर, केहिमकर, दिवेकर. मराठी ही त्यांची घरची भाषा. हिब्रू प्रार्थनांचं मराठी करून देण्याचं मोठं काम जोसेफ इझिकेल राजपूरकरांनी एकोणिसाव्या शतकात केलं. कामा हॉस्पिटलच्या डॉ. जेरुशा झिराड, ज्यांना १९६६ साली पद्मश्री मिळाली, त्या याच समाजातल्या. आणि मुंबईतलं सर्वांत जुनं सिनेगॉग, जे सॅम्युएल इझिकेल दिवेकरांनी १७९६ साली बांधलं, त्याचं नाव आहे ‘शआर हारहामीम’. म्हणजे दयेचं दार. मशीद बंदर स्टेशनाच्या नावातली ‘मशीद’ ती हीच, असं सांगतात. रोज हजारो लोक तिथे उतरतात आणि एकालाही पत्ता नसतो.

तर त्या आजी. आळीत त्यांच्यातली एक म्हातारी वारली. घरचं कुणी जवळ नव्हतं. आजींनी आणि आणखी दोघी-तिघींनी तिला आंघोळ घातली, पांढरं कफन नेसवलं, सगळं रीतसर केलं. त्या म्हातारीशी आजींचं हयातभर जमलं नव्हतं, हे आळीला ठाऊक होतं. मी नंतर भीतभीत विचारलं. त्या म्हणाल्या, “बाय, जित्या माणसाचं केलं तर तो कधी ना कधी फेडेल अशी आशा असते. मेलेला काय फेडणार? म्हणून ह्याच खरं.”

हे त्यांचं स्वतःचं तत्त्वज्ञान नव्हतं, हे मला पुष्कळ वर्षांनी वाचनातून कळलं. ज्यू परंपरेत मृताची सेवा हीच ‘खरी दया’ मानलेली आहे, नेमक्या याच कारणानं. दयेला त्यांचा शब्द हेसेद. आणि दानाला त्यांचा शब्द त्झेदाका. आपल्या मुसलमान शेजाऱ्यांचा ‘सदका’ याच कुळातला. त्झेदाका ज्या धातूपासून येतो त्याचा अर्थ आहे न्याय. मी मराठीची शिक्षिका, शब्दांपाशी थांबणं ही माझी सवय. आपला ‘दान’ हा शब्द ‘देणे’ यातून आला. त्यात देणारा उभा दिसतो. त्यांच्या शब्दात घेणाऱ्याचा हक्क दिसतो. आपल्याकडे ‘कणव’ असा किती सुंदर शब्द आहे, पण तो पडून राहिला आणि व्यवहारात चालली ती ‘कीव’. ‘लोकांच्या दयेवर जगणं’ ही तर आपण शिवी म्हणूनच वापरतो. एखादी चांगली गोष्ट घेणं शिवीसारखं वाटत असेल, तर देणाऱ्याच्या पद्धतीत काहीतरी चुकतंय, एवढं तरी मान्य करायला हवं.

तालमूदमधले पंडित दान आणि दया यांची तुलना करतात आणि दयेला तीन कारणांनी वरचढ ठरवतात. दान पैशानं होतं, दया पैशानंही होते आणि अंगमेहनतीनंही. दान गरिबालाच, दया गरीब-श्रीमंत दोघांनाही. दान जिवंताला, दया मेलेल्यालाही. एखाद्या वकिलासारखी मांडणी आहे ही. मला ती आवडते ती त्यासाठीच. तिथे ‘हृदय पाझरलं पाहिजे’ वगैरे काही नाही. पाझरलं तर उत्तम, नाही पाझरलं तरी म्हातारीला आंघोळ घालायची आहे.

आता शेतातलं उदाहरण. तोरेतली आज्ञा अशी की शेताचा कोपरा कापायचा नाही आणि कापणीत गळालेली कणसं मालकानं मागे फिरून उचलायची नाहीत. ती गरिबाची आणि परक्याची. माझ्या लहानपणी आमच्याकडे सुगीत बायका ‘सरवा’ वेचायला येत. भुईमूग काढून झाला की शेंगांचा सरवा, भाताची कापणी झाली की लोंब्यांचा. मालकानं हाकललं तर गाव त्याला नावं ठेवायचं. सरवा वेचणारी बाई हात पसरत नव्हती. ती वाकून, कष्ट करून आपलं घेऊन जात होती आणि मालकाला त्याचं नाव लिहायला तिथे भिंत नव्हती. ही आपलीच रीत होती, मंडळी. फक्त आपल्याकडे ती कुणी शास्त्र म्हणून मुलांना शिकवली नाही, म्हणून ती गेली तेव्हा कुणाला कळलंही नाही. आज किती जणांना ‘सरवा’ हा शब्द माहीत आहे, विचारून बघा.

दुसरी आज्ञा गहाणाची. कर्ज देणाऱ्यानं गहाण वस्तू आणायला ऋणकोच्या घरात शिरायचं नाही. बाहेर उभं राहायचं. तो आतून आणून देईल ती घ्यायची. आणि गरिबाचं पांघरुण गहाण ठेवलं असेल तर सूर्यास्ताला परत करायचं. काय बारकाई आहे! देणं आहे हे खरं, वसूलही करायचंय, पण उंबरठ्याच्या आतली अब्रू त्याची. आणि इथे गटकर्जाचे वसुलीवाले भर दुपारी बाईच्या दारात ठाण मांडून बसतात आणि सगळी गल्ली बघते. चारचौघांत माणसाला लाज आणणं हे रक्त सांडण्यासारखं आहे, असं तालमूद मानतं. माणूस पांढराफटक पडतो तेव्हा त्याचं रक्तच गेलेलं असतं, असं ते निरीक्षण.

मी एका शाळेत असताना (नाव घेत नाही) वह्यावाटपात आठवीतल्या एका मुलीचं नाव पुकारलं गेलं. निवेदकानं माइकवरून सांगितलं की हिला वडील नाहीत, आई दुसऱ्याच्या शेतात जाते. टाळ्या पडल्या. कशाला पडल्या ते मला आजही कळलेलं नाही. मुलीनं वह्या घेतल्या, नमस्कार केला. त्या वह्यांच्या कव्हरवर दात्याचा हसरा फोटो होता. पुढे वर्षभर तिनं त्यांत एक अक्षर लिहिलं नाही. भावाच्या गेल्या वर्षीच्या वह्यांतली कोरी पानं काढून, सुईदोऱ्यानं शिवून ती त्यावर लिहायची. गणिताच्या तासाला ती शिवण सुटायची आणि पानं खाली पडायची. मी तिला कधी काही विचारलं नाही. विचारण्यासारखं काय होतं त्यात?

बाराव्या शतकात मायमोनिडीज नावाचा एक मोठा पंडित होऊन गेला. जन्म स्पेनमधल्या कोर्डोव्हाचा, आयुष्य गेलं इजिप्तमध्ये, पेशानं वैद्य, मृत्यू १२०४ साली. त्यानं दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या. खालून मोजायच्या तर: नाइलाजानं, तोंड वाकडं करून देणारा. त्याच्या वर, कमी देणारा पण हसतमुखानं देणारा. मग मागितल्यावर देणारा. मग मागायच्या आधी देणारा. त्याच्या वर, घेणाऱ्याला देणारा माहीत आहे पण देणाऱ्याला घेणारा माहीत नाही. पूर्वी काही थोर लोक पदरात नाणी बांधून ते पाठीवर सोडत आणि गरीब मागून येऊन सोडवून घेत, तो हा प्रकार. मग देणाऱ्याला माहीत, घेणाऱ्याला नाही. मग दोघांनाही एकमेकांचा पत्ता नाही. जेरुसलेमच्या मंदिरात अशी एक खोलीच होती म्हणे, एका वेळी कुणी गुपचूप ठेवून जाई, दुसऱ्या वेळी कुणी गुपचूप घेऊन जाई. आणि सगळ्यांत वरची पायरी म्हणजे कर्ज, भागीदारी किंवा काम देऊन त्या माणसाला असं उभं करणं की त्याला पुन्हा मागावं लागू नये.

आता आपला वह्यावाटपाचा कार्यक्रम यात कुठे बसतो ते सांगा. देणाऱ्याला घेणारा माहीत, घेणाऱ्याला देणारा माहीत, वर सगळ्या गावाला दोघेही माहीत आणि दुसऱ्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर उरलेल्या जिल्ह्यालाही. मायमोनिडीजच्या शिडीत यासाठी पायरीच नाही. शिडी रोवायला खड्डा खणतात ना, त्यात कुठेतरी.

आणि वरची पायरी? ती तर आपल्या कोल्हापूरची आहे! शाहू महाराजांच्या पागेत गंगाराम कांबळे नावाचा नोकर होता. पाण्याला शिवला म्हणून सवर्ण नोकरांनी त्याला मारलं. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली, पण तिथे थांबले नाहीत. गंगारामला पैसे दिले, स्वतःचा धंदा काढ म्हणाले. त्यानं भाऊसिंगजी रस्त्यावर चहाचं हॉटेल काढलं. गिऱ्हाईक कुठून येणार? महाराज स्वतः गाडी थांबवून तिथे चहा घेऊ लागले, बरोबरच्या मंडळींनाही पाजू लागले. (ज्या राजानं पन्हाळ्याच्या परिसरात चहा-कॉफी लावून पाहिली त्याला चहाचं महत्त्व मी काय सांगावं!) महाराजांनी मायमोनिडीज वाचला होता असं मी म्हणत नाही. त्यांनी दयेचा विचार केला होता एवढंच म्हणते. नुसती दया आली असती तर त्यांनी गंगारामला शंभर रुपये देऊन घरी पाठवलं असतं.

विचार म्हटला की सराव आला. एकोणिसाव्या शतकात लिथुआनियात राब्बी इस्रायल सलांतर (१८१०–१८८३) यांनी ‘मुसार’ नावाची चळवळ उभी केली. त्यांचं म्हणणं असं की धर्मग्रंथ जितक्या कसून शिकता तितक्याच कसून आपला स्वभाव शिका. त्यांच्याही आधी, १८०८ साली, मेंडेल लेफिन यांनी एक पुस्तक लिहिलं होतं. तेरा गुण निवडायचे, एका आठवड्याला एक, रोज रात्री वहीत चुका मांडायच्या, म्हणजे वर्षात चार उजळण्या होतात. ही युक्ती मूळची अमेरिकेच्या बेंजामिन फ्रँकलिनची, ती त्यांनी खुशाल उचलली. चांगला गृहपाठ कुणाच्याही वहीतला घ्यावा!

सलांतरांची एक आठवण सांगतात. जेवणाआधी हात धुताना ते अगदी थोडं पाणी घेत. शिष्यांनी विचारलं, जास्त पाण्यानं धुणं अधिक पुण्याचं ना? ते म्हणाले, पाणी आणणारी ती मोलकरीण आहे, तिच्या खांद्यावर मी पुण्य कसं कमवू? गडावर राहून ज्यांनी उन्हाळ्यात डोक्यावरून पाणी वाहिलंय त्यांना याचा अर्थ समजावून सांगायला नको.

इथे कुणीतरी म्हणणार, बाई, ज्यूंचं एवढं कौतुक, मग त्यांच्याकडे सगळं आलबेल आहे का? नाही. बेने इस्राएलांनाच विचारा. मुंबईतल्या श्रीमंत बगदादी ज्यूंनी त्यांना बरोबरीचं मानायला कितीतरी वर्षं नकार दिला. इस्रायलला गेल्यावर १९६२ साली तिथल्या धर्मपीठानं लग्नाच्या वेळी त्यांची वंशावळ तपासायचा फतवा काढला. शेवटी १९६४ साली ही कोकणातली माणसं जेरुसलेममध्ये धरणं धरून बसली तेव्हा संसदेला त्यांची बाजू घ्यावी लागली. पुण्याचं ससून रुग्णालय डेव्हिड ससूनच्या दानातून उभं राहिलं आणि लाखो गरिबांना औषध मिळालं, हे खरं. त्या घराण्याचा पैसा चीनला अफू विकूनही आलेला होता, हेही खरं. आणि २०२३ नंतर गाझात जे घडलं, तेव्हा ही सगळी पुस्तकं कुठे होती, असं विचारणारे खुद्द ज्यूच कितीतरी आहेत. मी हे झाकत नाही. उलट मला माझ्या त्या वाचणाऱ्या विद्यार्थ्याला हेच सांगायचंय. तीन हजार वर्षांची पोथी असून जे आपोआप येत नाही, ते तुझ्या ‘मनात असावं लागतं’नं कसं येईल?

असो. आता पहिल्या वाक्याकडे. फोटो नसेल तर दाते देणार नाहीत.

२०१९ च्या ऑगस्टमधला पूर आठवा. कोल्हापूर-सांगलीत किती लोकांनी किती केलं त्याला हिशेब नाही. कुठून कुठून ट्रक आले, पोरांनी होड्यांतून म्हाताऱ्या काढल्या आणि नावही न सांगता निघून गेली. त्याच पुरात मदतीच्या धान्याच्या पिशव्यांवर नेत्यांच्या छबीचे स्टिकर लागले आणि महाराष्ट्रभर बोंब झाली. त्याच पुरात रस्त्याकडेला जुन्या फाटक्या कपड्यांचे ढीग पडले, जे पूरग्रस्तांनीही उचलले नाहीत. म्हणजे फोटोशिवाय देणारे आहेत, भरपूर आहेत. मंडळांनी त्यांच्याकडे जावं. आणि फोटोसाठीच देणाऱ्याबद्दल माझं म्हणणं साधं आहे. तुम्ही त्या मुलाच्या वहीवर जाहिरात करताय. हरकत नाही. मग जाहिरातीचा दर लावा आणि ते पैसे मुलाच्या आईला द्या. शंभर पानी वहीत कव्हर विकत घेता, एवढ्या स्वस्तात तर पेपरात छोटी जाहिरातही येत नाही.

पर्याय काय, तर आम्ही काही निवृत्त शिक्षक गेली काही वर्षं करतो तो सांगते. वह्यांच्या एका दुकानदाराकडे आम्ही मे अखेरीस पैसे ठेवतो. वर्गशिक्षक सगळ्याच मुलांना वह्यांची छापील यादी देतात. काहींच्या यादीवर कोपऱ्यात एक बारीक खूण असते. ती दुकानदाराला कळते, मुलाला कळत नाही, शेजारी उभ्या असलेल्या मुलाला तर नाहीच. त्या मुलांच्या आयांना शिक्षक आधी एकट्यानं सांगून ठेवतात की यंदा शाळेचा हिशेब दुकानात भागलेला आहे. कोणी दिले हे त्यांना माहीत नाही, कोणाला गेले हे आम्हाला माहीत नाही. वरून दुसरी पायरी. सगळ्यांत वरची आम्हाला अजून जमलेली नाही.

गेल्या जूनमध्ये दुकानदाराचा फोन आला. म्हणाला, “बाई, एका पोरानं साधी वही ठेवून क्रिकेटवाल्याचं चकचकीत कव्हर असलेली महागातली उचललीय. देऊ का?” तालमूदमध्ये एक गोष्ट आहे. एक श्रीमंत माणूस गरीब झाला. त्याला पूर्वी घोडा असायचा आणि घोड्यापुढे धावणारा सेवक असायचा. थोर पंडित हिल्लेल यांनी त्याला दोन्ही मिळवून दिलं आणि एक दिवस सेवक मिळाला नाही तेव्हा स्वतः तीन मैल पुढे धावले. ज्याला जे कमी पडतं ते त्याला द्यायचं, तुम्हाला जे पुरेसं वाटतं ते नाही, असा तो नियम आहे.

दुकानदाराला मी एवढं सगळं सांगितलं नाही. दे म्हटलं, आणि दोन दे, गणिताला वेगळी लागते.